टेम्पो बदलणारं गाणं: ड्रमची मिडी द्यायची की ऑडिओ?

लयवेडा: काल एकाने ठासून लिहिलं, "ई-ड्रमची मिडी पाठवली की झालं, ऑडिओ काढणं म्हणजे वेळेची नासाडी." राहवलं नाही म्हणून लिहितोय. मिडी म्हणजे कोणता ठोका केव्हा आणि किती जोरात याची नोंद; ऑडिओ म्हणजे तिच्यावरून काढलेला प्रत्यक्ष आवाज. मिडीत सेकंद नसतात, टिक असतात. एका बीटला ४८० नाहीतर ९६०, आणि ती बीट किती लांब हे टेम्पो मॅप, म्हणजे गाण्यात कुठे किती वेग याचा आराखडा, ठरवतो. मॅप सोबत गेला नाही की फाइल मिनिटाला १२० बीटवर वाजते. आमचं १६ बारचं कडवं ९६ वर होतं, म्हणजे ४० सेकंदांचं. मिक्सवाल्याकडे ड्रम ३२ सेकंदांत संपले, गायिका अजून गातेच आहे! दोन दिवस तो आम्हालाच बेताल म्हणत होता.

दुगुन: मॅप पाठवला नाहीत ही चूक तुमची, मिडीची कशी? मिडी फाइलमध्ये टेम्पोचे बदल व्यवस्थित जातात. उलट ऑडिओ काढून ठेवलात आणि गायकाने अंतरा ८४ ऐवजी ८० वर मागितला, तर? ताणणार? ताणलेल्या स्नेअरचा आघात बोथट होतो, झांजेची आस थरथरते. मिडीत सॅम्पल (आधी रेकॉर्ड केलेला एकेक ठोका) तेच राहतं, फक्त जागा सरकते.

लयवेडा: आणि समोरच्याकडे माझी ड्रम लायब्ररी, म्हणजे अशा सॅम्पलचा संच, नसेल तर? माझी हाय-हॅट (पायाने उघडमिट होणारी झांजांची जोडी) किती उघडी हे सीसी ४ या मिडी संदेशावरून कळतं. त्याच्या किटला ते समजलंच नाही, पूर्ण गाणंभर हॅट उघडी वाजली. तीन रात्री घासून वाजवलं होतं मी.

पखवाजप्रेमी: मुळात क्लिक, म्हणजे हेडफोनमध्ये वाजणारा ठरावीक लयीचा ठोका, हवाच कशाला? भजनाची लय पायऱ्यांनी चढत नाही, श्वासाबरोबर चढते. आमच्या अभंगाला क्लिक लावला आणि चाळीस वर्षं पखवाज वाजवणाऱ्या काकांचा हात आखडला. हेडफोन काढून म्हणाले, "हे मला मागे ओढतंय."

दुगुन: म्हणजे तुम्ही मोकळं वाजवायचं आणि आम्ही रात्रभर निस्तरायचं! क्लिकवर वाजवता येत नाही, त्याला श्वास म्हणू नका.

पखवाजप्रेमी: शब्द जपून वापरा. काकांच्या लयीला नावं ठेवायची नाहीत.

दुगुन: काकांबद्दल बोललो नाही. तसं वाटलं असेल तर शब्द मागे घेतो. क्लिकबद्दलचं मत तेच आहे.

पखवाजप्रेमी: मग हेही ऐका. काकांनी हेडफोन काढले तेव्हा ई-ड्रमही बिनक्लिकचेच घेतले होते. नंतर एकाने काकांच्या थापेवरून टेम्पो मॅप आखला आणि ड्रम जागचे हलले, कारण मिडी बीटला बांधलेली होती. दुसरा टेक नव्हता. नशिबाने जुनी प्रत सापडली.

लयवेडा: मॅप आखण्याआधी तो ट्रॅक वेळेला बांधायचा. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये टाइमबेस 'टाइम' करायचा, प्रो टूल्समध्ये टिकऐवजी 'सॅम्पल' (इथे हे वेळेचं एकक, ड्रमचा ठोका नव्हे). आणि त्याहीआधी ऑडिओ काढून ठेवायचा, हेच पहिल्यापासून सांगतोय.

दुगुन: बिनक्लिकच्या टेकपुरतं मान्य, ऑडिओ आधी. पण क्लिकवर वाजवलेलं असेल तर टेम्पो पक्का होईपर्यंत मी ऑडिओ काढणार नाही. आणि काढाल तेव्हा किक, स्नेअर, ओव्हरहेड (सगळ्या किटवर टांगलेल्या माइकचे ट्रॅक) एकाच फेरीत काढा. लायब्ररी दर फेरीला वेगळं सॅम्पल उचलते; स्नेअर एका फेरीचा आणि ओव्हरहेड दुसऱ्या फेरीचे असले की एकाच काठीचे दोन आवाज ऐकू येतात.

लयवेडा: हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. सगळे ट्रॅक शून्यापासून काढतो, ड्रम चौथ्या बारला सुरू होत असले तरी. सोबत मॅपसकट मिडी.

पखवाजप्रेमी: काकांचा पुढचा अभंग मात्र बिनक्लिकचाच होणार.