राऊटरला हात लावायचा तर कमांड यायलाच पाहिजे का?

शाहूपुरी_नेटवाला
राम राम मंडळी. चौदा वर्षं झाली, कोल्हापूर, कागल, जयसिंगपूर पट्ट्यात कारखान्यांची आणि पतसंस्थांची नेटवर्कं बसवतोय. यंदा हाताखाली दोन पोरं घेतली, दोघांकडं सर्टिफिकेट. परवा गोकुळ शिरगावला एकाला म्हटलं, कन्सोल (राऊटरला थेट लावायची केबल) लाव आणि इंटरफेस (तार जोडायचं तोंड) उठव, म्हणजे कमांड टाइप करून चालू कर. गड्यानं ब्राउझर उघडला आणि राऊटरच्या सेटिंगचं वेब पान येईल म्हणून पत्ता टाकून बसला. राऊटर कोरा करकरीत, त्याला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) दिलेलाच नाही, पान उघडणार कुठनं?

माझं मत सरळ आहे. ज्याला कमांड येत नाही त्यानं गिऱ्हाइकाच्या राऊटरला हात लावू नये. एनेबल, कॉन्फिगर टर्मिनल, इंटरफेस, आयपी अ‍ॅड्रेस, नो शटडाउन. एवढ्या पाच पायऱ्या हातानं टाइप केल्या की पोराला कळतं आपण कुठं उभं आहोत. (सिस्को कंपनीच्या राऊटरचा इंटरफेस मुळात बंद असतो. त्याला "चालू हो" म्हणायची सोय नाही, "बंद राहू नको" म्हणावं लागतं. आमच्या आजीला ही भाषा बरोबर कळली असती.)

आणि खरा फायदा पुढं आहे. शो रन ही कमांड मारली की अख्खं कॉन्फिगरेशन (राऊटरची सगळी सेटिंगं) मजकूर म्हणून समोर येतं. मी प्रत्येक गिऱ्हाइकाची नोटपॅड फाइल ठेवतो. गेल्या वळवाच्या पावसात एका साइटवर वीज पडून राऊटर जळाला. नवीन आणला, फाइल पेस्ट केली, थोडी खटपट केली, वीस मिनिटांत माणसं कामाला लागली. माऊसनं मारलेल्या टिचक्यांची फाइल कोण ठेवतं सांगा.

फौंड्रीवाला
मी नेटवर्कवाला नाही, बिल भरणारा आहे. शिरोलीत फौंड्री आहे. आमच्याकडं पण असाच एक कमांडवाला होता. हुशार पोरगं, सगळं काळ्या पडद्यावर. पुण्यात नोकरी लागली, गेलं. पासवर्ड कागदावर लिहून दिला होता, खोटं कशाला बोलू. पण लॉगिन झाल्यावर समोर नुसता एक लुकलुकणारा दांडा. त्याला काय विचारायचं? हजेरीचं नवीन मशीन जोडायचं होतं. चार दिवस कामगारांची हजेरी वहीत.

मग वेब पानाचा साधा राऊटर घेतला. आता आमच्या अकौंटंट बाई वायफायचा पासवर्ड स्वतः बदलतात. तुम्हा लोकांचं डॉक्टरसारखं आहे. चिठ्ठी अशी लिहायची की औषध तुमच्याच दुकानात मिळावं.

शाहूपुरी_नेटवाला
मालक, ते पाप कमांडचं नव्हे, कागद न ठेवणाऱ्या पोराचं.

फौंड्रीवाला
कागद ठेवणारं पोरगं असतं तर मी इथं लिहीत कशाला बसलो असतो?

पुण्यातला_कोल्हापूरकर
दोघंही जुन्या काळात आहात. आमच्याकडं राऊटरवर कुणी टाइपच करत नाही. कॉन्फिगरेशन गिटमध्ये (फायलींच्या आवृत्त्या जपणारं साधन), तिथनं अ‍ॅन्सिबल हे सॉफ्टवेअर आपोआप सगळीकडं पाठवतं.

शाहूपुरी_नेटवाला
भावा, इथं पतसंस्थेच्या बारा शाखा आहेत, बाराशे नाहीत. आणि तुझं अ‍ॅन्सिबल आत जाऊन शेवटी कमांडच मारतंय न्हवं?

पेठेतली_अ‍ॅडमिन
मी इचलकरंजीच्या एका मिलचं नेटवर्क बघते आणि मला कमांड येते. म्हणूनच तुमच्या विरुद्ध बोलते.

तीन वर्षांपूर्वी रात्री साडेअकराला घरून एक नवीन व्हीलॅन (नेटवर्कमधला वेगळा कप्पा) ट्रंकवर (अनेक व्हीलॅन एकत्र नेणारी जोडणी) चढवायचा होता. लिहायला पाहिजे होतं "स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन अ‍ॅड ३०". मी "अ‍ॅड" विसरले. त्या एका शब्दावाचून अर्थ असा होतो की फक्त ३० ठेव, बाकी सगळे काढ. एंटर दाबला आणि पडदा गोठला. ज्या व्हीलॅनवरून मी आत शिरले होते तोही गेला. मग नवऱ्याला उठवलं, गाडी काढली, रात्री इचलकरंजी. सकाळची पाळी सुरू व्हायच्या आत कन्सोल लावून सरळ केलं. वेब पानावर चौकटीत खूण करायची असती तर बाकीच्या खुणा डोळ्यांसमोर दिसल्या असत्या. कमांड विचारत नाही, "बाई, खरंच का?"

आणि हे नवशिक्यांचंच होतं असं नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप जगभर सुमारे सहा तास बंद होतं. त्याचं कारण नेहमीच्या देखभालीत दिलेली एक कमांडच होती. असली कमांड अडवणारं तपासणीचं साधन त्यांच्याकडं होतं, पण त्यातच दोष निघाला. त्यांच्याकडं जगातली निवडक माणसं आहेत. आमच्याकडं मी आणि एक शिपाई.

शाहूपुरी_नेटवाला
ताई, दुखणं खरं आहे, पण औषध कमांडमध्येच आहे. लांबून काम करायच्या आधी "रीलोड इन १०" मारायचं. मधे संपर्क तुटला तर दहा मिनिटं भरली की राऊटर आपोआप रीस्टार्ट होतो. नवीन चूक सेव्ह केलेली नसते, म्हणून जुन्या कॉन्फिगरेशनवर उठतो. काम नीट झालं तर "रीलोड कॅन्सल" करायचं आणि मगच सेव्ह. मायक्रोटिक कंपनीच्या राऊटरला तर सेफ मोडच आहे, कंट्रोल-एक्स दाबून कामाला लागायचं; लाइन तुटली की त्यानंतर केलेलं सगळं तो स्वतःच मागं घेतो. ज्युनिपर कंपनीच्या राऊटरला त्याच कामाचं कमिट कन्फर्म्ड. मी हे २०१३ ला कागलच्या साइटवर एक रात्र काढून शिकलो.

पेठेतली_अ‍ॅडमिन
दादा, तुम्ही चुकून शिकलात, मी चुकून शिकले. तुमच्या दोन पोरांना हे पहिल्या दिवशी सांगितलंत का?

उजळाईवाडीकर
वादात पडत नाही, एक अनुभव सांगतो. २०१९ चा महापूर. महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली, मी अलीकडं, ऑफिस पलीकडं. तिथली मुख्य लाइन गेली, दुसरी बारीक लाइन शिल्लक. माझ्या मोबाइलला रेंजची एकच काडी. वेब पान नुसतं गरगर फिरत होतं, लॉगिनची चौकटसुद्धा येईना. एसएसएच (लांबून कमांड टाइप करायची सुरक्षित वाट) मात्र लागलं. एक अक्षर दाबायचं, दोन-तीन सेकंदांनी ते उमटायचं. तसं करत करत डीफॉल्ट राऊट (बाहेर जायची नेहमीची वाट) दुसऱ्या लाइनवर टाकला. त्या दिवशी माऊस काय कामाचा होता?

लॅबमास्तर
कॉलेजात नेटवर्किंगची प्रॅक्टिकलं घेतो, म्हणून थोडं.

सोयीच्या वेब पानाची किंमत फौंड्रीवाल्यांनी समजून घ्यावी. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिस्कोच्या आयओएस एक्सई या सिस्टीमच्या वेब पानात भोक सापडलं, गंभीरतेत दहापैकी दहा. लॉगिन न करता बाहेरचा माणूस स्वतःसाठी सर्वोच्च अधिकाराचं खातं उघडू शकत होता आणि हजारो उपकरणांवर तसं झालंही. दुरुस्ती यायच्या आधी कंपनीचा सल्ला एकच: इंटरनेटकडं तोंड असलेल्या उपकरणांवर वेब सर्व्हर बंद करा. म्हणजे "नो आयपी एचटीटीपी सर्व्हर" आणि "नो आयपी एचटीटीपी सिक्युअर-सर्व्हर". पान बंद करायलासुद्धा कमांडच लागली.

पण नेटवाल्यांनी हसू नये. टेलनेट (लांबून कमांड द्यायची जुनी वाट) हीही कमांड लाइनच आहे, आणि त्यात पासवर्ड उघडा जातो. मी अजून ऑफिसांत टेलनेट चालू बघतो. दार लाकडी की लोखंडी हा वाद नंतर. रस्त्याकडं उघडं का ठेवलं, ते आधी सांगा.

आणि नेटवाले, तुमच्या नोटपॅड फाइलीबद्दल एक शंका. शो रनमध्ये "नो शटडाउन" दिसत नाही. इंटरफेस बंद असेल तर "शटडाउन" दिसतं, चालू असेल तर काहीच नाही. ती फाइल कोऱ्या राऊटरवर पेस्ट केली की आयपी बसतात, पण इंटरफेस बंदच राहतात. एसएसएचच्या किल्ल्याही त्यात नसतात, त्या नव्यानं बनवाव्या लागतात. वीज पडली त्या दिवशीची "थोडी खटपट" हीच होती ना?

शाहूपुरी_नेटवाला
हीच होती सर. मी समोर होतो म्हणून जमलं.

फौंड्रीवाला
म्हणजे फाइल असून पण तुम्ही लागताच की! माझं तेच चाललंय मघापासून.

लॅबमास्तर
मालक, त्यावर थोडा तोडगा आहे. प्रत्येक इंटरफेसला "डिस्क्रिप्शन" ओळ लिहून घ्या: हा हजेरी मशीनचा, हा कॅमेऱ्यांचा. ती कॉन्फिगरेशनमध्ये टिकते. उद्गारचिन्ह लावून लिहिलेल्या टिपा मात्र राऊटर ठेवत नाही, त्या फाइलीतच राहतात. पोरं तिथंच फसतात.

पेठेतली_अ‍ॅडमिन
माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं, दादा.

शाहूपुरी_नेटवाला
नाही सांगितलं ताई. सोमवारी दोघांना बसवतो, आधी रीलोड इन १०, मग बाकीचं. आणि बारा गिऱ्हाइकांच्या फायली आज रात्री उघडतो. एकीतही नो शटडाउन नसणार, मला न बघताच माहीत आहे.

फौंड्रीवाला
मी तुमचं गिऱ्हाईक नव्हे, पण आमचा जुना राऊटर कपाटात पडून आहे. सुट्टीच्या दिवशी या, फर्नेस बंद असते. त्या पोरानं आत काय लिहून ठेवलंय ते एकदा मला मराठीत वाचून दाखवा.