मदत हवी आहे: इन्क्लुडचं मॅक्रो केलं आणि 'संपादन' बटण गायब

मंडळी, दोन दिवस डोकं आपटतोय, कोणी सांगेल का काय चुकतंय.

फ्लास्कमधे (पायथनचं वेब फ्रेमवर्क) छोटी साईट आहे, पानं सगळी सर्व्हरवरच जिंजातून (साच्यात, म्हणजे टेम्प्लेटमधे, माहिती भरून पान बनवणारं इंजिन) रेंडर होतात. बेस टेम्प्लेट एकच, बाकीची त्याला एक्स्टेंड करतात, तिथवर ठीक. लेखाचं कार्ड, म्हणजे शीर्षक, तारीख, दोन ओळी आणि लेख आपलाच असेल तर 'संपादन' बटण, हे चार पानांवर लागतं म्हणून वेगळी फाईल करून लूपमधे इन्क्लुड करत होतो, म्हणजे ती फाईल त्या जागी ओढून घेत होतो. कार्डाच्या आत व्हेरिएबलचं नाव 'पोस्ट'. आता गंमत बघा, लेखाच्या पानावर खाली 'संबंधित लेख' आहेत, तिथल्या लूपमधे मी नाव ठेवलं 'आर', आणि त्या पानाचा मुख्य लेख आधीच 'पोस्ट' नावाने आलेला, त्यामुळे खालच्या पाचही कार्डांवर वरच्याच लेखाचं शीर्षक! एरर नाही, काही नाही. एक संध्याकाळ त्यातच गेली.

मग म्हटलं मॅक्रोच करू (टेम्प्लेटमधलं फंक्शन), हवं ते आर्ग्युमेंट म्हणून बाहेरून देऊ. वेगळ्या फाईलीत लिहिलं, इम्पोर्ट केलं, शीर्षकं बरोबर आली आणि 'संपादन' बटण सगळीकडून गुल. लॉगिन तर आहे, वर मेनूत माझं नाव दिसतंय. अट आधीचीच, पोस्टचा लेखक आणि करंट युजर (आत्ता लॉगिन असलेला) एकच का. मॅक्रोत करंट युजर छापून बघितला तर रिकामा, आणि त्याच मॅक्रोत युआरएल फॉर (लिंक बनवणारं फंक्शन) मात्र मस्त चालतंय!!

प्रतिसाद १:
इन्क्लुडला पानाचा कॉन्टेक्स्ट, म्हणजे पानाला मिळालेली सगळी व्हेरिएबल्स, आपोआप मिळतो, इम्पोर्टला मिळत नाही. युआरएल फॉर ग्लोबल आहे (सगळ्या टेम्प्लेटांत असतं) म्हणून चालतं, करंट युजर हा फ्लास्क-लॉगिन (लॉगिन सांभाळणारं एक्स्टेंशन) कॉन्टेक्स्ट प्रोसेसरमधून, म्हणजे पानाच्या कॉन्टेक्स्टमधे भर घालणाऱ्या फंक्शनमधून, देतं म्हणून चालत नाही. नसलेलं व्हेरिएबल छापलं तर जिंजा गुपचूप रिकामं सोडतं, तुलना केली तर जुळत नाही म्हणतं. तुम्ही त्याला टिंब देऊन आतलं काही मागितलं असतंत तर लगेच बोंबललं असतं. इम्पोर्टच्या ओळीच्या शेवटी 'विथ कॉन्टेक्स्ट' लिहा, बटण येईल.

प्रतिसाद २:
येईल, पण मी नाही लिहिणार. पानावरचं सगळं परत आत शिरणार, म्हणजे इन्क्लुडचंच दुखणं. कार्डाला युजर कोण ते कळायची गरजच काय? 'संपादन दाखवायचं का' एवढं खरं-खोटं आर्ग्युमेंट द्या, ठरवू दे पानाला. आणि डेव्हलपमेंटला स्ट्रिक्ट अनडिफाइंड (नसलेलं व्हेरिएबल वापरलं की एरर देणारी जिंजाची सेटिंग) लावा, मग तुलनेलाही एरर येते. तुमचा 'पोस्ट'वाला घोळ मात्र त्यानेही सापडला नसता, कारण तिथे व्हेरिएबल होतं, फक्त भलतंच.

धागाकर्ता:
दोघांचे आभार. आर्ग्युमेंटच दिलं, बटण आलं. स्ट्रिक्ट लावल्यावर अजून तीन ठिकाणी आरडाओरडा सुरू झालाय, त्यातलं एक तर माझं स्पेलिंग चुकलेलं, कधीपासून रिकामं छापत होतं कोण जाणे.