अनुभव धागा: 'कॅनॉट ओपन डिस्प्ले' – विंडोजवर एक्स सर्व्हर चालवताना घालवलेल्या रात्री

मुळाकाठची

काल भाचा आला होता, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्या शेजारी बसून त्याने विंडोज ११ वर उबुंटू (लिनक्स) उघडलं, जीएडिट (लिनक्सचं नोटपॅड) टाइप केलं, एंटर मारला आणि खिडकी समोर हजर. मी म्हटलं, "अरे, डिस्प्ले कधी सेट केलास?" तर म्हणतो, "मावशी, तो कशाला सेट करायचा?" त्याला काय सांगू! आमच्या वेळी लिनक्स-युनिक्सच्या प्रोग्रामची खिडकी विंडोजवर आणायला एक्स नावाची यंत्रणा हाताने जोडावी लागायची, आणि खिडकी कुठल्या स्क्रीनवर उघडायची ते डिस्प्ले या सेटिंगमध्ये सांगावं लागायचं. मला २००७ ची एक रात्र जशीच्या तशी आठवली.

पुण्यात एमटेक करत होते. सर्किटचं सिम्युलेशन लॅबच्या सोलारिस (युनिक्स) मशीनवर चालायचं. लॅब रात्री नऊला बंद, दुसऱ्या दिवशी सबमिशन. होस्टेलच्या खोलीत एक्सपीचा पीसी, त्यावर सिगविन, म्हणजे विंडोजवर एक्स सर्व्हर चालवता येणारं सॉफ्टवेअर. लॅबच्या मशीनवर लॉगिन व्हायचं, डिस्प्लेला माझ्या पीसीचा आयपी द्यायचे, वेव्हफॉर्मची खिडकी उघडायला जायचे आणि तीच ओळ: कॅनॉट ओपन डिस्प्ले. पाच तास मी चूक लॅबच्या मशीनवर शोधत होते, कारण सर्व्हर म्हणजे ते लांबचं मोठं मशीन हे डोक्यात पक्कं बसलेलं. रात्री दोनला एका सिनियर ताईला फोन केला. झोपेतून उठून तिने एकच विचारलं, "खाली घड्याळाशेजारी एक्सचं चिन्ह दिसतंय का?"

नव्हतं.

मग तिने समजावलं ते आजपर्यंत विसरले नाही. स्क्रीन, माउस, कीबोर्ड ज्याच्याकडे, तो सर्व्हर. लॅबमधला प्रोग्राम हा क्लायंट. गिऱ्हाईक तिकडे आणि दुकान तुझ्या टेबलावर, आणि तू दुकान उघडलंच नाहीस. एक्स सर्व्हर चालू केला, तरी येईना. एक्सपीने कधीतरी विचारलेल्या प्रश्नाला मी 'ब्लॉक' म्हणून बसले होते, ते काढलं. मग नवीन एरर, पण निदान नवीन! तिकडच्या मशीनला परवानगी नव्हती. एक्सहोस्ट या कमांडने त्या एकाच मशीनचं नाव दिलं आणि आधी एक्सआइज टाकून बघितलं. पांढऱ्या खिडकीत दोन डोळे आले आणि माझा माउस जिकडे जाईल तिकडे बघायला लागले. मला रडू आलं हो खरंच.

तुमच्याही अशा रात्री असतील. लिहा ना.

डीबीए_ठाणे

'सु' कमांडने दुसऱ्या युजरवर गेलं की डिस्प्ले जातो. बस. माझी दहा वर्षं या एका वाक्यात आहेत.

खडीसाखर

@डीबीए_ठाणे नीट लिहा की जरा, माझंही नेमकं तेच दुखणं आहे 🙏

डीबीए_ठाणे

लोकलमध्ये होतो, आता बसायला जागा मिळाली. डेटाबेसचा इन्स्टॉलर ग्राफिकल असायचा आणि तो वेगळ्या युजरनेच चालवायचा. आपण पुटीने (विंडोजवरून लांबच्या मशीनवर जायचा प्रोग्राम) आपल्या नावाने लॉगिन करतो, एक्सक्लॉकचं घड्याळ छान उघडतं, मग सु करून त्या युजरवर जातो आणि इन्स्टॉलर म्हणतो डिस्प्लेचे रंग तपासता येत नाहीत. रंगांचा काही संबंध नसतो. एसएसएचने (लांबच्या मशीनशी सुरक्षित जोडणी) दिलेली कुकी, म्हणजे परवानगीची चिठ्ठी, आपल्या होम डिरेक्टरीतल्या एक्सअथॉरिटी फाइलमध्ये असते, नव्या युजरकडे ती नसते. तर आपल्या युजरवर 'एक्सऑथ लिस्ट' करायचं, ज्या डिस्प्लेवर आहोत ती ओळ कॉपी करायची, सु करायचं, 'एक्सऑथ ॲड' लिहून ती ओळ पुढे चिकटवायची, डिस्प्लेला तोच आकडा द्यायचा. दहा, अकरा, बारा जो असेल तो. एसएसएचचे डिस्प्ले दहापासून सुरू होतात, म्हणून लोकलहोस्ट:१०.० दिसतं.

हे ठाऊक नव्हतं तेव्हा एकदा डेटा सेंटरच्या थंडीत स्वेटरशिवाय रात्र काढली आहे. मशीनसमोर बसून इन्स्टॉल केलं. दोन दिवस ताप.

खडीसाखर

झालं!!! चाललं!! देव तुमचं भलं करो.

सह्यकडा

पुटीत टिक करून 'सेव्ह' न करणारे किती? दर वेळी एक्स११ ची (खिडक्या एसएसएचमधून आणायची) टिक, कनेक्ट, चाललं. उद्या परत बंद. सेशन निवडायचं, लोड करायचं, टिक करायची, वर जाऊन सेव्ह करायचं. आमच्या टीममध्ये नव्या माणसाला पहिल्या दिवशी मी स्वतः उभा राहून करून दाखवतो.

नारायणगावकर

माझा अनुभव वेगळा आहे. एरर नव्हतीच, खिडकी यायची, पण यायला चार मिनिटं लागायची.

खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचा डेटा घेऊन पीएचडी केली. एआयपीएस नावाचं जुनं सॉफ्टवेअर, त्याची चित्रं एक्सच्या खिडकीत येतात. डेटा संस्थेच्या मशीनवर, मी आजीच्या घरी, मोबाइलच्या डोंगलवर. एकेक चॅनेल बघून खराब डेटा कापायचा असतो, म्हणजे शेकडो वेळा क्लिक. मी क्लिक करायचो, आजी चुलीवर पाणी ठेवायची, पाणी उकळायचं तेव्हा चित्र हलायचं. मी एक्स सर्व्हर बदलून बघितले, एक्समिंग झालं, सिगविन झालं, एसएसएचचं कॉम्प्रेशन लावलं. थोडाच फरक.

नंतर कळलं की दोष बँडविड्थचा कमी आणि फेऱ्यांचा जास्त. एक्स प्रत्येक छोट्या गोष्टीला विचारतो आणि उत्तराची वाट बघतो. एकाच नेटवर्कवर फेरी एका मिलिसेकंदाच्या आत होते, डोंगलवर तीनशे लागायचे. विचार करा, एक मेन्यू उघडायला शंभर फेऱ्या म्हणजे तीस सेकंद. मग तिकडेच व्हीएनसी (अख्खी स्क्रीन चित्रासारखी पाठवणारा प्रोग्राम) चालू ठेवलं आणि मी फक्त चित्र ओढून घ्यायला लागलो. वीज गेली तरी तिकडचं काम चालू राहायचं, हा दुसरा फायदा. आमच्याकडे वीज रोजच जायची.

आजी २०१९ ला गेली. थीसिसच्या आभारात ती पहिली आहे.

मुळाकाठची

@नारायणगावकर वाचून गलबललं. पाणी उकळायचं तेव्हा चित्र हलायचं... आजीला नमस्कार.

गोड_बोरं

नारायणगाव म्हणजे मसाला वडा आणि टोमॅटोचा बाजार! आमचं आजोळ जुन्नरचं. तुमच्या आजींचं गाव कुठलं, मला ओळख लागेल.

नारायणगावकर

@गोड_बोरं वारूळवाडीच्या बाजूला. व्यनि करतो.

टर्मिनल_काका

एक कळकळीची विनंती. 'एक्सहोस्ट प्लस' कुणाला सांगू नका. धाग्याच्या लेखिकेने एकाच मशीनचं नाव दिलं ते बरोबर केलं. नुसतं प्लस म्हणजे घराचं दार सताड उघडं. ६००० नंबरच्या पोर्टला जो पोचेल तो तुमच्या स्क्रीनवर खिडकी तर उघडेलच, पण तुम्ही काय टाइप करताय तेही वाचू शकेल, पासवर्डसकट. मी १९९८ पासून सिस्टिम ॲडमिन आहे. आमच्या लॅबमध्ये पोरं एकमेकांच्या स्क्रीनवर डोळे सोडायची तेव्हा सगळे हसायचे. मी त्यांना बसवून एक्सईव्हीची खिडकी उघडून दाखवली, प्रत्येक की दाबली की कशी ओळ पडते ती. म्हटलं, हेच दुसऱ्याला लांबून मिळू शकतं. नंतर कुणी प्लस लावलं नाही. एसएसएचमधून आणा, ते सगळ्यात सोपंही आहे.

विदर्भकन्या

वीस मिनिटं! कुणी हे भोगलंय का? एसएसएचला मोठ्या एक्सचा पर्याय लावून लॉगिन केलं, सगळं सुरेख. जेवून आले, नवीन खिडकी उघडायला गेले तर नकार. आधीच्या उघड्या खिडक्या मात्र चालू. मी नेटला शिव्या देत होते, वायफायचा राउटरसुद्धा बदलला. मोठ्या एक्सने मिळणारी परवानगी मुळातच वीस मिनिटांची असते, नंतर नवीन खिडकी नाही. एसएसएचच्या सेटिंगमधला फॉरवर्डएक्स११टाइमआउट वाढवा, किंवा समोरच्या मशीनवर पूर्ण भरवसा असेल तरच मोठा वाय. राउटर आता सासरी दिलाय, तिथे मस्त चालतो.

कोटा_फुल्ल

होम डिरेक्टरीचा कोटा भरला होता. कुकी लिहायलाच जागा नाही. दोन दिवस फायरवॉल बघत बसलो. आधी 'कोटा' कमांड मारा, मग बाकीचं.

श्टुटगार्टची_सई

मला आत्ता मदत हवीये, अनुभव नंतर लिहिते, बाळ झोपलंय तेवढ्यात. ऑफिसचा विंडोज १० लॅपटॉप, डब्ल्यूएसएल टू (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) आहे पण जुनं, अपडेट करायची परवानगी नाही, त्यामुळे मुळाकाठचीच्या भाच्यासारखं आपोआप येत नाही. व्हीसीएक्ससर्व्ह हा एक्स सर्व्हर टाकलाय. परवा चाललं, आज रीस्टार्टनंतर बंद. डिस्प्ले तोच आहे.

टर्मिनल_काका

@सई डिस्प्ले तोच आहे हाच घोटाळा. डब्ल्यूएसएल वन विंडोजच्याच नेटवर्कवर असायचं, लोकलहोस्ट चालायचं. टू म्हणजे वेगळं आभासी मशीन, त्याचा आयपी वेगळा आणि रीस्टार्ट केलं की बदलतो. आयपी हाताने लिहू नका. 'आयपी राउट' मारून डीफॉल्टच्या पुढचा आकडा दर वेळी काढायचा आणि बॅशआरसीमध्ये (लिनक्सचं टर्मिनल उघडताना आपोआप चालणारी फाइल) तोच डिस्प्लेला द्यायचा, पुढे कोलन शून्य.

सह्यकडा

आणि फायरवॉल बघ सई. विंडोज ते आभासी नेटवर्क 'पब्लिक' धरतं. पहिल्यांदा खिडकी आली तेव्हा तू कॅन्सल केलं असशील तर व्हीसीएक्ससर्व्हच्या नावाने ब्लॉकचे नियम आपोआप तयार झाले असतील. नुसता परवानगीचा नवा नियम घालून भागत नाही, ब्लॉकवाला वरचढ ठरतो. ते आधी पुसायचे.

श्टुटगार्टची_सई

आयपी बदललाच होता! तो दुरुस्त केला तर आता काहीच होत नाही, नुसता कर्सर थांबून राहतो, एररही नाही.

सह्यकडा

थांबून राहतो म्हणजे फायरवॉलच. नकार आला असता तर तो लगेच येतो. गप्प बसणं हे फायरवॉलचं लक्षण.

मुळाकाठची

सह्यकडा, हे वाक्य मी भाच्याला लिहून देणार आहे.

आमची_मालवणी

माझी खिडकी येते पण मराठी अक्षरांच्या जागी चौकोन. रोजनिशी लिनक्सवर ठेवते म्हणून विचारतेय.

डीबीए_ठाणे

@मालवणी चौकोन म्हणजे तिकडे देवनागरी फाँट नाही. लिनक्सच्या बाजूला लोहित देवनागरी किंवा नोटो टाका, विंडोजमधले फाँट आपोआप तिकडे दिसत नाहीत. आणि एक्सटर्म या टर्मिनलमध्ये बघू नका, त्याला जोडाक्षरं जमत नाहीत, जीएडिटमध्ये बघा.

आमची_मालवणी

लोहित टाकला. 'आज पेजेबरोबर सुकट होती' अशी कालची ओळ दिसली एकदाची. 😊

गोड_बोरं

सुकट!! परदेशातल्यांना असं नाही हो सांगायचं. सई, बाळ किती महिन्यांचं?

श्टुटगार्टची_सई

सात. उठलं पण 😅 नियम दोन होते, टीसीपीचा आणि यूडीपीचा, दोन्ही ब्लॉक. आयटीवाल्याला फोन केला, त्याने लांबून पुसले. एका हाताने टाइप करतेय, दुसऱ्या हातात हा आहे. एक्सआइज टाकून बघितलं, तो स्क्रीनकडे बघतोय आणि ते दोन डोळे माउसकडे. आता मला माउस हलवायचं थांबवूच देत नाहीये.