जपानी उच्चार: अमेरिकेत वाढलेल्या मुलीसाठी सल्ला हवा

अवंती:
लेकीने कॉलेजात जपानी घेतलंय. वाढली न्यू जर्सीत, मराठी बोलते पण इंग्रजी वळणाने. जपानी शब्द रोमन लिपीतून वाचते, त्यामुळे काराओकेचं ‘कॅरिओकी’ आणि साकेचं ‘साकी’ होतं. उन्हाळ्यात ओसाकाला जाणार आहे. काय करावं? देवनागरीत लिहून दिलं तर?

खडूस_काका:
रोमन आधी बंद करा! हिरागाना या जपानी लिपीची 46 मूळ अक्षरं, मनावर घेतलं तर पटकन येतात. मग शेवटच्या ‘के’चं ‘की’ करायला वावच उरत नाही. देवनागरी चालेल, पण आपलं टोकियो, टोयोटा, कराटे हे सगळं इंग्रजीमार्गे आलंय. अस्सल जपानी शब्दांत त-द असतात, आपले ट-ड नव्हेत.

निशिगंध:
काका, देवनागरीत आणखी एक गोची आहे. इ-ई, उ-ऊ वेगळे दाखवता येतात, ए-ओची लांबी नाही. ‘ओसाका’तला पहिला ओ लांब आहे: ओ-ओ-सा-का, चार मात्रा. तोक्योही चारच: तो-ओ-क्यो-ओ. इंग्रजी बोलणारे एका अक्षरावर जोर देऊन बाकीची गिळतात, तिथेच सगळं बिघडतं. टाळी वाजवत मात्रा मोजायला लावा. ओजिसान म्हणजे काका, ओजीसान म्हणजे आजोबा. बीरु म्हणजे बिअर, बिरु म्हणजे इमारत, तेव्हा हॉटेलात जरा जपून :)

अवंती:
हे भारी आहे. आणि र? तिचा अगदीच अमेरिकन आहे.

निशिगंध:
तिला ‘बटर’ म्हणायला सांगा, तिच्या नेहमीच्या अमेरिकन पद्धतीने. मधल्या ट ला जीभ जशी निसटती टेकते, जवळजवळ तोच जपानी र. ‘त्सु’साठी आपल्या चूल-चूकमधला च. ‘फु’ म्हणताना खालचा ओठ दातांना लावायचा नाही, नुसती फुंकर. वाक्याच्या शेवटी ‘देसु’तला उ बहुतेक वेळा ऐकूच येत नाही, ‘देस’ म्हटलं तरी चालतं.

अवंती:
सुरांच्या चढउताराचं काय? हाशी म्हणजे जेवायच्या काड्या (चॉपस्टिक्स) की पूल, ते सुरावर ठरतं म्हणे.

खडूस_काका:
त्यासाठी तोक्यो विद्यापीठाचा ‘ओजॅड’ हा ऑनलाइन कोश आहे, फुकट. पण तो तोक्योचे सूर दाखवतो. तिथे काड्यांचा ‘हा’ वर आणि ‘शी’ खाली. ओसाकात नेमकं उलटं. सध्या तिच्या मागे ते लावू नका. संदर्भावरून काड्या की पूल हे कळतंच. आजोबांना काका म्हटलेलं मात्र खटकेल.