मदत हवी आहे: तीन कुत्रे, तीन तऱ्हेचे केस, कैची कोणती घेऊ? (त्यात मी डावखुरी)

दारव्ह्याची_सून:

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याजवळच्या खेड्यात राहते. कुत्र्याचे केस कापून घ्यायचे तर यवतमाळ नाहीतर अमरावती गाठावी लागते. म्हणजे गाडी सांगा, दिवस मोडा, आणि वर कापायचे पैसे वेगळे. म्हणून घरीच करायचं ठरवलं आहे. होळी झाली की ऊन लागायला लागतं, त्याआधी सामान आणायचं आहे.

मोती पांढरा पामेरियन आहे, निदान देणाऱ्यानं तरी तसंच सांगितलं होतं. गळ्याभोवती दाट झुपका, मांडीमागे पिसारा, आणि आत बोंडातल्या कापसासारखी लव. चिकू ल्हासा. नणंदेचा होता, ती पुण्याला फ्लॅटमध्ये गेली आणि हे ध्यान आमच्याकडे आलं. केस जमिनीवर लोळतात, कानामागे आणि काखेत जटा झाल्या आहेत. शेरू गावठी, शेतावर राखण करतो. त्याला कशाला कैची, असं घरचे म्हणतात, पण पराटीच्या धुऱ्यावरून फिरून आला की बोटांच्या बेचक्यात कुसळं असतात. तिथले केस कापले तर फायदा होईल का?

ऑनलाइन चार कैच्यांचा संच दिसतो: सरळ, वाकडी, दातेरी आणि एक छोटी. सोबत कंगवा आणि रेक्झिनची पिशवी, सगळं हजाराच्या आत. वर लिहिलंय 'जपानी ४४० सी स्टील'. दुसरीकडे एकच सुटी कैची त्याच्या दुप्पट किमतीला. फरक नेमका कशाचा? माझं बजेट दोन हजार, ओढून ताणून अडीच.

शिवणकाम उजव्या कैचीनं करते, जमतं. पण कापड जरा झुळझुळीत असलं की पात्यांमध्ये दुमडतं. केसांचं तसंच होईल का?

आणि सासऱ्यांचं म्हणणं निराळंच. "धनगराकडून दोघांले कातरून घे, मोकये होतीन बिचारे. म्हशी नाही का भादरत आपण?" याला काय उत्तर देऊ?

वऱ्हाडी_बाणा:

काहून एवढी भानगड ताई? झिरो मशीन मारा तिघांवर, उन्हाळाभर निवांत. आमच्या शेजारी दरवर्षी करतात, काही नाही होत.

गुरांचा_डॉक्टर:

ताई, मोतीवर झिरो मशीन नको. (बाणा भाऊ, राग मानू नका.) आपल्याकडे पामेरियन म्हणून जे विकतात ते बहुतेक इंडियन स्पिट्झ असतात. तुमचा कोणताही असो, केसांची रचना एकच: वर लांब राठ केस, खाली दाट लव. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, येतो तो पंजाच्या गाद्यांना थोडाफार. बाकी गरमी तो धापा टाकून बाहेर काढतो. तेव्हा केस काढले की घाम वाळून गार वाटेल, हा आपला हिशोब त्याला लागत नाही. उलट वरचे केस ऊन कातडीपर्यंत पोचू देत नाहीत. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर गेल्यावर पांढऱ्या कुत्र्याची गुलाबी कातडी उघडी पडली तर ती भाजते.

दुसरी भानगड याहून मोठी. स्पिट्झ जातीच्या कुत्र्याचे केस मुळापासून भादरले की काही वेळा लवकर परत येतच नाहीत. वर्ष जातं, कधी जास्तही. येतात तेव्हा लव आधी, वरचे केस मागून, आणि तोवर अंगावर ठिगळं दिसतात. पावसाळा लागला की असं एखादं कुत्रं माझ्याकडे येतंच. मालकाला वाटतं खरूज झाली. शेजाऱ्यांच्या कुत्र्याला काही झालं नसेल तर नशीब त्याचं.

सासऱ्यांना सांगा, म्हशीचे केस विरळ असतात, खाली लव नसते. पाणी टाकलं की थेट कातडीला लागतं, म्हणून भादरलेली म्हैस आणखी गार राहते. मोतीच्या अंगावर बादलीभर पाणी ओतलं तरी आतली लव कोरडी राहू शकते, बघा करून.

त्याला थंड ठेवायचं तर मेलेली लव बाहेर काढायची. त्यासाठी कैची नाही, लव काढायचा दाताळ्या कंगवा येतो, अंडरकोट रेक म्हणतात. लव गच्च बसली की हवा खेळत नाही. ती निघाली की वरचे केस तसेच ठेवूनही कुत्रं हलकं होतं. कैची फक्त चार जागी: पंजाखाली, मागच्या पायाच्या टाचेवर, शेपटीखाली जिथं घाण चिकटते तिथं, आणि पिसारा फार वाढला असेल तर त्याची टोकं.

चिकूचं वेगळं. त्याचे केस वाढतच राहतात, कापले तर परत येतात. उन्हाळ्यात इंचभर ठेवून बिनधास्त कापा, फक्त कातडी दिसेल इतके नको.

शेरूबद्दल तुम्ही विचारलंत ते बरं केलं. कुसळाच्या टोकाशी उलट्या दिशेचे राठ केस असतात. त्यामुळे ते आत शिरलं की पुढेच सरकतं, मागे येत नाही. बेचक्यातून घुसून पायात गळू होतं, वरून औषध लावत बसलं तरी ते कुसळ निघेपर्यंत वाहत राहतं. आखूड केसांच्या कुत्र्याला तिथं कापण्यासारखं फार नसतं. संध्याकाळी शेतातून आला की चारही पंजे बोटांनी चाचपा, कानही बघा. मोती आणि चिकूच्या पंजांचे केस मात्र गादीच्या पातळीला कापाच. त्यांच्यात कुसळ अडकलं तर दिसतही नाही, गोचीडही तिथंच लपते.

कैचीवाला_मोर्शी:

डॉक्टरसाहेबांनी केसांचं सांगितलं, मी कैचीचं सांगतो. सलून आहे माझं, ओळखीपाळखीत कुत्र्यांचेही कापून देतो.

ताई, आधी तुमचा हात. उजवी कैची उजव्या हातात धरली की दाब असा बसतो की पाती एकमेकांना घासून चालतात. तीच डाव्या हातात घेतली की अंगठा पात्यांना फाकवतो. तुमचं झुळझुळीत कापड दुमडतं ते म्हणूनच. केस तर त्याहून बारीक. ते न कापता पात्यांत वाकतात, ओढले जातात, कुत्रं दचकतं, आणि त्या दचकण्यातच कैची लागते. कैची उलटी धरून फायदा नाही, पात्यांची मांडणी बदलत नाही. 'दोन्ही हातांसाठी' म्हणून विकतात त्यांची बहुतेक वेळा फक्त कडी सारखी असतात, पाती उजवीचीच. ओळखायची खूण सोपी आहे. कैची टोक वर करून समोर धरा. उजवीकडचं पातं तुमच्याकडे असेल तर ती उजवी, डावीकडचं असेल तर डावी. विकणाऱ्याकडून असा फोटो मागवा.

चार-चार कैच्यांचे स्वस्त संच सगळे उजव्या हाताचेच दिसतात मला, तेव्हा संचाचा प्रश्न तुमच्यापुरता मिटला.

आता स्टील. '४४० सी' हे मुळात अमेरिकी प्रमाणातलं नाव. ए, बी, सी हे कार्बनचे टप्पे. सी मध्ये सगळ्यात जास्त, साधारण एक टक्का, म्हणून ते कडक होतं आणि धार टिकते. पण हजारात चार कैच्या आणि चारही ४४० सी, हे मला पटत नाही. छापायला काय जातं? कोणी लोहचुंबक लावून 'चिकटला, म्हणजे नकली' म्हणत असेल तर तेही ऐकू नका. कैचीचं चांगलं कडक स्टील चुंबकाला चिकटतंच.

लांबी मोजतात ती टोकापासून कड्याच्या शेवटापर्यंत, करंगळीचा बाहेरचा शेपटा सोडून. माझी सलूनची साडेपाच-सहा इंची असते, कुत्र्याच्या अंगाला ती तोकडी पडते आणि कातरलेल्याच्या पायऱ्या दिसतात. अंगासाठी सात इंची सरळ घ्या. आठ इंचीनं काम लवकर होतं, पण नवख्या हाताला टोक आवरत नाही. पंजे, कान, डोळ्यांजवळ साडेचार इंची, टोकाला गोल मणी असलेली. ही नसेल तर चेहऱ्याला हात लावू नका.

शिवणाची कैची केसांना वापरू नका. मेरठच्या कैचीला २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळालं, माल नावाजलेला आहे, पण शिंपीकामाची जड कैची कापडासाठीच.

दारव्ह्याची_सून:

दादा, शिवणाची कैची टोक वर करून बघितली. उजवीकडचं पातं समोर! इतकी वर्षं वाटत होतं माझाच हात वाकडा.

डॉक्टरसाहेबांचं सासऱ्यांना वाचून दाखवलं. "बादलीचं करून पाह्यतो" म्हणाले आणि खरंच मोतीवर पाणी ओतलं. आता धनगराचा विषय बंद आहे.

दोन शंका राहिल्या. चिकूच्या जटा सरळ कैचीनं कापून टाकू का? आणि दातेरी कैची कोणासाठी असते?

सीताबर्डी_ग्रूमर:

नागपुरात हेच काम करते, म्हणून लिहिते. जटेला कैची लावू नका ताई. जट धरून ओढली की खालची कातडीही वर उचलली जाते आणि गठ्ठ्यात ती दिसत नाही. घरी कापलेल्या कुत्र्यांच्या जखमा मी बघते त्या बहुतेक काखेत आणि कानामागे असतात, म्हणजे तुमच्या चिकूच्या जटा आहेत नेमक्या त्याच जागी.

आधी जटेत चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळा, बोटांनी फोडा, मग कंगव्याच्या टोकानं बाहेरच्या बाजूनं थोडं थोडं सोडवत आत जा. मुळाशी केस दुसऱ्या हातानं धरून ठेवा, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही. जट आणि कातडी यांच्यामध्ये स्टीलचा कंगवा सरकत असेल तर तो तिथंच ठेवून, कंगव्याच्या वरच्या बाजूला, केसांच्या दिशेनं जट उभी चिरता येते. कंगवा सरकतच नसेल तर क्लिपर, म्हणजे केस भादरायचं मशीन, त्याला १० नंबरचं ब्लेड. ते साधारण दीड मिलिमीटर केस ठेवतं. पातं तापतं, मधून मधून मनगटाला टेकवून बघत जा. क्लिपर नसेल तर तेवढ्या जागा गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात काढून घ्या.

जटा सोडवण्याआधी आंघोळ घालू नका, पाणी लागलं की त्या आवळतात. जटा, मग आंघोळ, मग पूर्ण वाळवणं आणि शेवटी कैची. धुळीच्या केसांवर नवी कैची चालवली तर तिची धार तुम्ही स्वतःच मारली समजा.

दातेरी म्हणजे थिनिंग. एका पात्याला दात असतात, त्यामुळे सगळे केस कापले जात नाहीत आणि कापल्याची रेघ उमटत नाही. ४० च्या पुढे दात असलेली मोतीच्या पिसाऱ्यासाठी आणि गळ्यासाठी उत्तम. त्याच्या अंगावर सरळ कैची चालवली की खापा दिसतात. कमी आणि रुंद दातांची असते तिला चंकर म्हणतात, ती एका कापात बरेच केस घेते. ती सध्या नको.

तुमच्या पैशात मी असं करेन: आधी एका बाजूला विरळ, दुसऱ्या बाजूला दाट दात असलेला स्टीलचा कंगवा आणि मोतीसाठी रेक. मग डावी सरळ सात इंची आणि गोल टोकाची छोटी, तीही डावीच. थिनिंग पुढच्या हंगामाला. वाकडी कैची टेडीसारखा गोल चेहरा करायला लागते, चिकूला शेतात तो दाखवायचा कोणाला? शेरूसाठी रबरी ब्रश, तो नसेल तर खरखरीत टॉवेल.

आणि कैचीत फक्त अंगठा हलवा, बाकीच्या बोटांकडचं पातं स्थिर. आधी कंगव्यावर हवेत चालवून हात बसवा, मग कुत्रं घ्या.

वऱ्हाडी_बाणा:

बरं बाप्पा, मशीनचा सल्ला मागं घेतला. शेजाऱ्यांनाही सांगतो. ते ऐकतीन का, ते नाही सांगत.

दारव्ह्याची_सून:

सगळ्यांचे आभार. कंगवा आणि रेक मागवला, डाव्या कैचीसाठी विकणाऱ्याला फोटो मागितला आहे. एकच राहिलं: धार गेली तर? आमच्याकडे सायकलवर चाक बांधून धारवाला येतो, त्याला दिली तर चालेल?

कैचीवाला_मोर्शी:

त्याला विळा द्या, कैची नको. केसांच्या चांगल्या कैचीची धार बाहेरून किंचित फुगीर असते, तो दगडावर सपाट घासतो आणि ती परत येत नाही. रोज वापरून झालं की कोरड्या फडक्यानं पुसा, स्क्रूपाशी शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब टाका. स्क्रू बघायचा असेल तर एक कडं धरून दुसरं पातं काटकोनात उघडा आणि सोडा. अर्ध्यावर येऊन थांबलं तर ठीक, खटकन मिटलं तर सैल आहे. जमिनीवर पाडू नका, एकदा पडलेली कैची धार लावूनही नीट चालेलच असं नाही. धारेसाठी यवतमाळला सलूनचं सामान विकतात त्या दुकानात विचारा, कैच्या गोळा करून बाहेर पाठवतात बरेच जण. देताना चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात 'डावी' लिहा, नाहीतर सवयीनं उजवी समजून घासून देतील.