पायाच्या ऑर्गनवर स्टॅनलीच्या व्हॉलंटरी वाजतील का?

परभणीचा_खर्ज: संगीत नाटकाच्या साथीचा जुना अमेरिकन ऑर्गन आहे. ६१ पट्ट्या, एफ ते एफ, कळफलक एकच. त्यावर अठराव्या शतकातल्या जॉन स्टॅनली या इंग्लिश संगीतकाराच्या व्हॉलंटरी, म्हणजे चर्चमधल्या ऑर्गनसाठीच्या रचना, बसवायच्यात. मिळालेल्या प्रतीत तिसरी ओळ पायांसाठी आहे, पण इथं पाय भात्यात गुंतलेले. ‘कॉर्नेट’, ‘एको’ (प्रतिध्वनी) या खुणांचं काय करायचं? शिवाय सगळे स्टॉप (आवाजाचे रंग निवडायच्या खुंट्या) ओढले की आवाज बसायलाय.

डायपेसन: तिसरी ओळ सोडून द्या, ती नंतरच्या संपादकांची. त्याचे व्हॉलंटरींचे संग्रह, ओपस ५, ६, ७ (१७४८, १७५२, १७५४), मुळात दोनच ओळींत छापलेत. त्या काळच्या इंग्लिश ऑर्गनला पायपट्ट्या जवळपास नसायच्याच. खर्ज हाताच्या कळफलकातच, मधल्या सीच्या खाली दोन सप्तकं आणि त्याहीखाली जीपर्यंत. आजच्या चर्च ऑर्गनचा कळफलक सीलाच संपतो, म्हणून तिथं खालचे सूर उचलून वर घ्यावे लागतात. तुमचा ऑर्गन त्या जीच्याही खाली एफपर्यंत जातो. या बाबतीत तुम्ही चर्चवाल्यांपेक्षा सुखी!

कॉर्नेट म्हणजे एका पट्टीला पाच नळ्या: मूळ सूर, तार, त्यावरचा पंचम, अतितार आणि त्याचा गंधार. रीडवर तो रंग येणार नाही. उजव्या बाजूला ८ फुटीसोबत (मूळ सूर) ४ फुटी (एक सप्तक वरचा) स्टॉप ओढा, डावीकडे फक्त डल्सियाना हा मऊ आवाजाचा स्टॉप. आधी डाव्या-उजव्या बाजूचे स्टॉप कुठे दुभंगतात ते बघा: उजवीकडचा एकच स्टॉप ओढून वरून खाली एकेक पट्टी दाबत या, जिथं आवाज थांबेल तिथं सांधा. कॉर्नेट मधल्या सीपासून सुरू व्हायचा. तुमचा सांधा त्याच्या वर असेल तर सोलोचे खालचे सूर एकदम फिके पडतील, अशा जागा आधीच हेरून ठेवा.

‘एको’ला उजव्या गुडघ्याचा स्वेल (आवाज मोठा करायची दांडी) ढिला सोडा. व्हॉक्स ह्यूमाना मात्र ओढू नका. तो फिरता पंखा आहे, जलद तानांचा चिखल होतो.

सरस_आणि_चामडं: आवाज बसतो म्हणजे हवा गळतेय. सगळे स्टॉप बंद करा, पाय मारून भाता पूर्ण मिटू द्या, मग पाय थांबवा. काही सेकंदांत भाता परत उघडला तर कापड गेलंय. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात रबरी कापड घडीवरच तडकतं. वरून ठिगळ लावू नका, कडक होऊन शेजारी फाटतं. पूर्ण कापड बदला, तेही सरसानं. पांढरा गोंद पुढच्या वेळी लाकूड सोलून काढतो. भाता घट्ट निघाला तर रीडच्या झडपांखालचं चामडं तपासा.

गंधारप्रेमी: एक भर. स्टॅनलीच्या काळच्या ऑर्गनांची जुळणी समान अंतराची नसायची. मीनटोन पद्धतीत सी–ई गंधार शुद्ध, म्हणजे आजच्या पेटीपेक्षा १४ सेंट (सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) उतरलेला. गवयाच्या कानाला तो लगेच पटेल. बदल्यात जी शार्प–ई फ्लॅट ही जोडी भेसूर वाजते.

परभणीचा_खर्ज: मग रीड घासून तसं जुळवू का?

सरस_आणि_चामडं: नको. टोकाला घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो, पण गेलेलं पितळ परत येत नाही. आणि उद्या नाटकात काळी चारला, म्हणजे जी शार्पला, गायचं म्हटलं तर नेमकी तीच भेसूर जोडी वाट्याला येईल.