मदत हवी आहे : फोरसम्समध्ये टी-ऑफचा क्रम कसा ठरवावा?

पाथर्डीफाटा
नमस्कार. या महिनाअखेरीस आमच्याकडे जोड्यांची गोल्फ स्पर्धा आहे. गोल्फच्या जागतिक चषकाच्या धर्तीवर प्रत्येक जोडीला एकेका देशाचे नाव दिले असून एक दिवस फोरबॉल (प्रत्येकाचा स्वतंत्र चेंडू, जोडीतला चांगला गुण धरायचा) आणि एक दिवस फोरसम्स (जोडीचा एकच चेंडू, फटके आळीपाळीने) असा खेळ ठेवला आहे. नियमपत्रक लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे आणि ते उद्या संध्याकाळपर्यंत छापखान्यात द्यायचे आहे. अडचण दुसऱ्या दिवसाची आहे. पहिल्या होलवर ज्याने टी-ऑफ केले, म्हणजे सुरुवातीचा फटका मारला, त्यानेच पुन्हा पहिल्या होलवर टी-ऑफ करायचे की त्याच्या जोडीदाराने, यावरून समितीत दोन तट पडले आहेत. कृपया थेट उत्तर द्यावे, गोल्फ म्हणजे काय येथून सुरुवात करू नये, ही विनंती.

रामशेज
प्रश्न नीट कळला नाही. अठरा होलच्या फेरीत पहिला होल एकदाच येतो, मग "पुन्हा पहिल्या होलवर" म्हणजे काय? शिवाय स्ट्रोक प्ले (एकूण फटके मोजायचे) आहे की मॅच प्ले (होलगणिक हार-जीत), आणि हँडिकॅप, म्हणजे कुवतीनुसार मिळणारी फटक्यांची सूट, धरणार आहात की नाही, हेही तुम्ही लिहिलेले नाही. ही माहिती नसताना उत्तर दिले तर ते चुकीच्या प्रश्नाचे उत्तर ठरेल.

चामरलेणी
मुळात फोरसम्स ठेवूच नका, असे मी सुचवेन. राष्ट्रीय संघांची खरी कसोटी आयझेनहॉवर ट्रॉफी या हौशी खेळाडूंच्या जागतिक सांघिक स्पर्धेच्या पद्धतीने लागते. 1958 साली सेंट अँड्र्यूजला ती सुरू झाली तेव्हा संघात चार खेळाडू असत आणि दररोज उत्तम तिघांचे गुण धरले जात. 2002 पासून तीन खेळाडू आणि उत्तम दोघांचे गुण, अशी पद्धत आहे. प्रत्येक जण आपला चेंडू शेवटपर्यंत खेळतो, एखाद्याचा दिवस वाईट गेला तरी संघ बुडत नाही आणि क्रमाचा वाद उद्भवतच नाही. पुण्यात आम्ही एकदा असेच केले होते आणि सर्वांना ते आवडले.

पाथर्डीफाटा
जोड्यांची नावे आधीच आली आहेत, त्यामुळे तिघांचा संघ शक्य नाही. स्ट्रोक प्ले आहे, हँडिकॅप धरणार आहोत. आमच्या मैदानावर नऊच होल आहेत, ते दोनदा खेळायचे, हे वेगळे सांगायची गरज आहे असे वाटले नव्हते.

देवळालीकर
तीच तर कळीची गोष्ट होती, साहेब. आता उत्तर सोपे आहे. फोरसम्समध्ये जोडीदारांनी एकाआड एक होलवर टी-ऑफ करायचे असते. नऊ हा विषम आकडा असल्यामुळे पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या आणि नवव्या होलवर ज्याने टी-ऑफ केले, त्याला दहाव्या होलवर, म्हणजे तुमच्या पहिल्याच झेंड्याच्या टीवर, ते करता येणार नाही. तिथे त्याच्या जोडीदाराचा क्रम येतो. समितीतला जो गट "जोडीदाराने" म्हणतो, तो बरोबर आहे. झेंड्यावरचा क्रमांक पाहू नका, स्कोअरकार्डावर एक ते अठरा असे सलग आकडे छापा. यात आणखी एक चांगली गोष्ट अशी की, अठरा होलच्या मैदानावर पार-तीनचे (तीन फटक्यांत पूर्ण होणे अपेक्षित असलेले) बहुतेक होल एकाच जोडीदाराच्या वाट्याला येऊ शकतात, पण नऊ होलच्या मैदानावर प्रत्येक टीवरून दोघांनाही एकेकदा फटका मारावाच लागतो, त्यामुळे कोणालाही आपली कमजोर बाजू झाकता येत नाही.

सोमेश्वर
यात एक भर घालतो. एखाद्याने पाण्यात चेंडू घालवला आणि पेनल्टी बसली, तर पाळी बदलते, म्हणजे त्यानेच पुन्हा खेळायचे असते. आमच्याकडे असेच खेळतात.

देवळालीकर
असे खेळत असतील तर ते नियमाला धरून नाही. पेनल्टीचा फटका मोजला जातो, पण त्याने पाळी बदलत नाही. दुसऱ्या होलच्या टीवरून 'ब'ने ड्राइव्ह मारला आणि चेंडू हद्दीबाहेर गेला, तर त्याच टीवरून पुढचा फटका 'अ' मारेल आणि तो जोडीचा तिसरा फटका असेल. प्रोव्हिजनल चेंडू (पहिला हरवला असण्याची शक्यता असल्यास खेळायचा पर्यायी चेंडू) खेळायचा असेल तर तोही 'अ'नेच खेळायचा. स्ट्रोक प्लेमध्ये चुकीच्या खेळाडूने फटका मारला तर दोन फटक्यांची पेनल्टी बसते आणि पुढच्या होलवर टी-ऑफ करण्यापूर्वी चूक दुरुस्त केली नाही तर जोडी बाद होते. धागाकर्त्यांनी हे वाक्य नियमपत्रकात ठळक अक्षरांत छापावे, कारण मैदानावर सर्वांत कडू वाद याच मुद्द्यावर होतात.

द्राक्षबाग
आपल्या नाशिकमध्ये स्पर्धा आहे, मग हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाचा विचार का केला नाही? ब्रिटिश काळात तिथे गोल्फ खेळत असत आणि म्हणूनच जुनी मंडळी आजही त्याला गोल्फ क्लब मैदानच म्हणतात. शिवाय जोड्यांना परदेशांची नावे कशाला? दिंडोरी, निफाड, सिन्नर, इगतपुरी अशी तालुक्यांची नावे दिली तर लोकांना आपुलकी वाटेल.

पाथर्डीफाटा
त्या मैदानावर आता रणजी सामने होतात आणि पहाटेपासून फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते, तिथे गोल्फ शक्य नाही. नावांच्या चिठ्ठ्या टाकून झाल्या आहेत आणि भारताचे नाव कोणाला, यावरून जो वाद झाला तो मला पुन्हा उकरायचा नाही. क्रमाचा प्रश्न सुटला, देवळालीकरांचे आभार. आता हँडिकॅप कसा धरावा?

सोमेश्वर
दोघांपैकी ज्याचा हँडिकॅप कमी असेल तोच धरावा, हिशेब सुटसुटीत राहतो.

रामशेज
तसे केल्यास नवख्या खेळाडूला सोबत घेणाऱ्या जोडीवर उघड अन्याय होईल, म्हणून मी याला ठाम विरोध करतो. फोरसम्स स्ट्रोक प्लेसाठी शिफारस अशी आहे की दोघांच्या कोर्स हँडिकॅपची बेरीज करून तिचे निम्मे धरावे. एकाचा 8 आणि दुसऱ्याचा 21 असेल तर बेरीज 29 होते आणि जोडीला साडेचौदा, म्हणजे पंधरा फटके मिळतात. फोरबॉलमध्ये मात्र प्रत्येकाला स्वतःच्या हँडिकॅपचे 85 टक्के मिळतात, त्यामुळे हेच दोघे पहिल्या दिवशी 7 आणि 18 घेऊन उतरतील. दोन्ही दिवसांचे तक्ते वेगळे छापा, नाहीतर स्कोअर तपासणाऱ्याची धांदल उडेल.

चामरलेणी
मी अजूनही माझ्या मतावर ठाम आहे. 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत गोल्फ पहिल्यांदा आले तेव्हा लक्ष्मण सिंग, राजीव मोहता, अमित लुथ्रा आणि ऋषी नारायण यांनी भारताला सांघिक सुवर्णपदक मिळवून दिले आणि लक्ष्मण सिंग यांनी वैयक्तिक सुवर्णही जिंकले. ते प्रत्येकाने आपापला चेंडू खेळूनच.

देवळालीकर
त्या पदकाचा अभिमान मलाही आहे, पण त्यावरून फोरसम्स कमी प्रतीचे ठरत नाही. जागतिक चषक 1953 मध्ये कॅनडा कप या नावाने मॉन्ट्रियलला सुरू झाला तेव्हा दोघांच्या वैयक्तिक गुणांची बेरीज होत असे. जोडीने खेळायची पद्धत पुढे आली आणि माझ्या मते तिनेच त्या स्पर्धेला रंगत आणली. 2018 मध्ये मेलबर्नच्या मेट्रोपॉलिटन क्लबवर थॉमस पीटर्स आणि थॉमस डेट्री या बेल्जियमच्या जोडीने पारपेक्षा 23 फटके कमी खेळून, फोरबॉलचे दोन आणि फोरसम्सचे दोन दिवस मिळून, चषक जिंकला. जोडीदाराने झाडीत घातलेला चेंडू तुम्हाला काढावा लागतो आणि तुम्ही ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या आखूड गवतावर, चार फुटांवर ठेवलेला पट (होलमध्ये ढकलायचा हलका फटका) त्याला घालावा लागतो. संघभावना याहून वेगळी काय असते?

धागाकर्त्यांसाठी आणखी एक सूचना. नाशिकच्या थंडीत सकाळी ग्रीनवर इतके दव असते की पट मारल्यावर चेंडूमागे गडद रेघ उमटते आणि चेंडू होलच्या अलीकडेच थांबतो. पहिल्या गटांना याचा तोटा होतो. फोरसम्समध्ये चौघांत दोनच चेंडू असल्यामुळे खेळ झपाट्याने उरकतो, तेव्हा दुसऱ्या दिवशी तासभर उशिरा सुरुवात केली तरी चालेल, आणि सुरुवातीपूर्वी माळ्याकडून ग्रीनवर लांब बांबू फिरवून घ्या.

पाथर्डीफाटा
सर्वांचे आभार. मसुदा असा केला आहे : "जोडीने फेरीपूर्वी पहिला टी-ऑफ कोण करणार हे ठरवावे. त्यानंतर एक ते अठरा या क्रमाने जोडीदारांनी आळीपाळीने टी-ऑफ करावे. पेनल्टीमुळे पाळी बदलणार नाही. पाळी चुकल्यास दोन फटक्यांची पेनल्टी बसेल आणि पुढच्या टी-ऑफपूर्वी चूक दुरुस्त न केल्यास जोडी बाद होईल." आणखी काही राहिले आहे का?

रामशेज
बरोबरीचे काय, ते राहिले आहे. आयझेनहॉवर ट्रॉफीच्या पहिल्याच वर्षी ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका दोघेही 918 वर थांबले आणि निकालासाठी पुन्हा खेळावे लागले. बक्षीस समारंभाला मंडळी खोळंबलेली असताना तुम्हाला पुन्हा पूर्ण फेरी खेळवता येणार नाही, म्हणून नवव्या झेंड्यावर फोरसम्स पद्धतीने एकेक होल खेळून निकाल लावावा आणि तिथे पहिला टी-ऑफ कोणी करायचा हे जोडीने स्वतः ठरवावे, एवढी एक ओळ वाढवा.